पाहिलेले चित्र आणि ओळखलेली जात

नव्या वस्तूंची जात मुले कशी शिकतात, ती किती काळ त्यांच्या लक्षात राहते, आणि हे शिक्षकाने कसे तपासावे

पावसाळा सुरू झाला, भाताच्या खाचरांत पाणी साचले आणि बांधांवर गवत माजले, की पनवेल तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून सापांविषयीचा पाठ घेण्याचा प्रसंग येतो. भिंतीवर तक्ता टांगला जातो. शिक्षक चित्रावर छडी ठेवून विचारतात, "ही कोणती?" मुले एका सुरात सांगतात, "मण्यार!" आठही चित्रांची नावे बिनचूक येतात, आणि पाठ साधला अशा समाधानाने तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला जातो. पुढे महिन्याभराने त्याच वर्गातील एखादा मुलगा घरामागील लाकडांच्या ढिगाशी एक काळसर, तुळतुळीत साप पाहतो. त्याच्या अंगावरील पांढरे पट्टे तक्त्यातील चित्राइतके ठळक नसतात. मुलगा म्हणतो, "ही मण्यार नव्हे," आणि जवळ जातो.

ह्या मुलाने पाठ शिकला होता काय? त्या दिवशीचे त्याचे उत्तर बरोबर होते, हे खरे. परंतु त्याने तक्त्यातील एक चित्र ओळखले होते. मण्यार ही जात ओळखली नव्हती. चित्र ओळखणे आणि जात ओळखणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पाठ संपताच विचारलेल्या प्रश्नाने त्यांतील भेद कळत नाही. तो कळावा म्हणून शिक्षकाने काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. जात म्हणजे काय?

आपल्या न्यायशास्त्राने 'व्यक्ती' आणि 'जाती' असा भेद फार पूर्वी केला आहे. गोठ्यातील तांबडी गाय ही एक व्यक्ती. सर्व गाईंत जे समान आहे ते गोत्व, ही जाती. एखाद्या जातीचे लक्षण सांगताना कोणते दोष घडतात, हेही त्या शास्त्राने सांगून ठेवले आहे. 'गाय म्हणजे तांबडे जनावर' असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगे असलेले जनावर' असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती.

मुलांच्या चुका नेमक्या ह्याच दोन प्रकारच्या असतात. फळ्यावर त्रिकोण नेहमी आडव्या पायावर उभा काढला, तर उलटा त्रिकोण पाहून मूल म्हणते, "हा त्रिकोण नव्हे." ही अव्याप्ती. तीन टोके दिसली की वाकड्या रेघांच्या आकृतीलाही ते त्रिकोण म्हणते. ही अतिव्याप्ती. भूमितीत अशा चुकीने एक गुण जातो. सापांच्या बाबतीत मात्र प्राणावर बेतते.

२. उदाहरण म्हणून सापच का घेतले?

२००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला गेला. त्यांतील पाव हिश्श्याहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतील होते, आणि बहुतेक खेड्यांतील होते. ज्या वयाची मुले आपल्यासमोर बसतात आणि ज्या महिन्यांत आपली शाळा नुकती भरलेली असते, त्यांचाच हा हिशेब आहे.

आपल्याकडील सर्पदंशाच्या मृत्यूंस मुख्यतः चार जाती कारण होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रत्येकीशी कमीअधिक साम्य असलेली, परंतु माणसास जीवघेणी नसलेली एक एक जातही आहे. नागाशी धामणीचे, मण्यारीशी कवड्याचे, घोणशीशी डुरक्या घोणशीचे आणि फुरशाशी मांजऱ्या सापाचे साम्य असते. ह्या जोड्यांत जात ओळखण्याची खरी कसोटी लागते.

एकाच खुणेवर विसंबल्यास काय होते ते पाहा. 'फणा असतो तो नाग' असे मुलांस सांगितले, तर त्यात अव्याप्ती आहे. कारण नाग डिवचला गेला म्हणजेच फणा काढतो, एरवी मिटल्या फण्याने सरपटणारा नाग धामणीसारखा दिसू शकतो. 'अंगावर पांढरे पट्टे ती मण्यार' असे सांगितले, तर पट्ट्यांचा कवड्याही आत येतो आणि पट्टे पुसट झालेली मण्यार बाहेर राहते. म्हणजे एका वाक्यात दोन्ही दोष. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेजवळ पुसट व शेपटीकडे स्पष्ट असतात, आणि कवड्याचे मानेपासून स्पष्ट होऊन शेपटीकडे विरत जातात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत ठसे असतात. डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपूट आखूड, बोथट असते. फुरसे लहान असून अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. मांजऱ्या सडपातळ व लांब शेपटीचा असतो. ही वाक्ये पाठ करून घेतल्याने जात ओळखता येत नाही. त्यासाठी डोळ्यास सराव लागतो.

३. मन जात कशी शिकते?

१९२० साली क्लार्क हल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिनी लिपीतील अक्षरे घेऊन एक प्रयोग केला. चिनी न जाणणाऱ्या माणसांस त्याने अक्षरांचे गठ्ठे दाखविले. काही अक्षरांत एक समान अवयव दडलेला असे, आणि अशा सर्व अक्षरांस तो एकच निरर्थक नाव देई. काही गठ्ठे पाहून झाल्यावर, पूर्वी कधीही न पाहिलेल्या अक्षरांचीही नावे माणसे बरोबर सांगू लागली. विशेष हे की, समान अवयव कोणता, असे विचारल्यावर पुष्कळांस तो सांगता आला नाही. व्याख्या सांगता येणे आणि जात ओळखता येणे ह्या एकच गोष्टी नव्हेत, हा धडा शिक्षकाने ह्यातून घेण्याजोगा आहे.

पुढे १९६८ व १९७० साली मायकेल पोस्नर व स्टीव्हन कील ह्यांनी ठिपक्यांच्या आकृती घेतल्या. एक मूळ आकृती ठरवून तिचे ठिपके थोडे थोडे हलवून त्यांनी अनेक आकृती तयार केल्या. शिकणाऱ्यांस ह्या बदललेल्या आकृतीच दाखविल्या. मूळ आकृती कधीच दाखविली नाही. तरीही नंतर ती समोर येताच लोकांनी ती योग्य गटात घातली. आठवड्यानंतर पुन्हा विचारले, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेल्या आकृतींची ओळख कमी झाली होती. न पाहिलेल्या मूळ आकृतीची ओळख मात्र फारशी ढळली नव्हती. अनेक व्यक्ती पाहून मनात जातीचा एक ठसा तयार होतो आणि तो एकेका व्यक्तीच्या आठवणीहून चिवट असतो, असे ह्यावरून दिसते.

परंतु हा ठसा एका चित्रावरून तयार होत नाही. अनेक व्यक्ती पाहिल्या तरच तो उमटतो. आपल्या तक्त्यावर मात्र प्रत्येक सापाचे एकच चित्र असते.

४. काळाचा परिणाम

विस्मरणाचा हिशेब प्रथम काटेकोरपणे मांडला तो हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडिताने, १८८५ साली. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात, हे तो मोजी. एका तासाने निम्म्याहून कमी श्रम वाचत, एका दिवसाने सुमारे एकतृतीयांश, आणि महिन्याने सुमारे एकपंचमांश. विस्मरण आरंभी वेगाने होते आणि पुढे मंदावते. म्हणून पाठ संपताच घेतलेली परीक्षा ही मडके चाकावर असतानाच त्याची पारख करण्यासारखी आहे. भाजल्यावर ते टिकते की तडकते, हे पुढेच कळते.

काळावर मात करण्याचे दोन उपायही प्रयोगांनी दाखविले आहेत. पहिला उपाय अंतर ठेवण्याचा व मिसळण्याचा. २००८ साली नेट कॉर्नेल व रॉबर्ट ब्यॉर्क ह्यांनी बारा चित्रकारांची निसर्गचित्रे लोकांस दाखविली. काही चित्रकारांची सहाही चित्रे लागोपाठ दाखविली. इतरांची एकमेकांत मिसळून दाखविली. नंतर न पाहिलेले चित्र कोणाचे, असे विचारता, मिसळून शिकलेल्या चित्रकारांची ओळख अधिक चांगली पटली. गंमत अशी की बहुतेकांचा स्वतःविषयीचा समज उलट होता; लागोपाठ पाहिल्यानेच आपण अधिक किंवा निदान तितकेच शिकलो, असे त्यांस वाटत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या बालकांसही अंतर ठेवून दाखविलेल्या वस्तूंची जात अधिक चांगली उमगल्याचे आढळले. शिकताना सोपे वाटणे हा शिकल्याचा पुरावा नव्हे, हे शिक्षक व विद्यार्थी दोघांनीही ध्यानात ठेवावे.

दुसरा उपाय विचारण्याचा. २००६ साली हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक ह्यांनी विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, तर दुसऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्याने मात्र चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांस ४२ टक्के आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के. म्हणजे परीक्षा ही केवळ मोजपट्टी नव्हे. मुलास आठवावयास लावणे हेही शिकविणेच आहे.

५. शाळेत करावयाची योजना

ह्यासाठी प्रयोगशाळा नको. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला पाने, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या योजनेस चित्रे, एक वही आणि थोडा धीर एवढेच लागते.

वर सांगितलेल्या आठ जातींची प्रत्येकी सात वेगवेगळी छायाचित्रे मिळवावीत. एकूण छप्पन्न होतील. लहान-मोठे, उजेडातील व सावलीतील, सरळ व वेटोळे घातलेले, पट्टे ठळक व पुसट असलेले, असे सर्व प्रकार त्यांत असावेत. चित्रावरील नाव चुकीचे असेल तर सारा पाठच चुकतो. म्हणून वनविभागातील अथवा अन्य जाणकार व्यक्तीकडून ती एकदा तपासून घ्यावीत. कागदी चित्रे न मिळाल्यास भ्रमणध्वनीवरील चालतील. जिवंत वा मेलेला साप वर्गात कदापि आणू नये.

प्रत्येक जातीची तीन चित्रे शिकविण्यासाठी घ्यावीत. उरलेली चार वेगळ्या पाकिटात बंद ठेवावीत. ती केवळ परीक्षेसाठी. परीक्षा चार वेळा घ्यावी, आणि प्रत्येक वेळी पाकिटातून प्रत्येक जातीचे एक, अशी आठ नवी चित्रे काढावीत. एकदा दाखविलेले चित्र पुन्हा 'नवे' म्हणून वापरू नये. ते आता पाहिलेले झाले.

पहिली परीक्षा शिकविण्यापूर्वी घ्यावी. डोंगरालगतच्या कातकरी व ठाकूर वाड्यांतील मुलांस आईवडिलांच्या संगतीने पुष्कळ ओळख आधीच असू शकते. ती आपण शिकविली असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. मूल घरचे नाव सांगत असेल तर तेच मान्य करून वहीत लिहून घ्यावे.

त्यानंतर पाठ घ्यावा. परंतु एका दिवसात नव्हे. आठवड्यात तीन दिवस, दररोज वीस मिनिटे पुरेत. दररोज आठही जातींचे एकेक चित्र मिसळून दाखवावे आणि साम्य असलेली जोडी शेजारी शेजारी ठेवून "फरक कोठे दिसतो?" असे मुलांसच विचारावे. आधी मुलाने नाव सांगावे, मग शिक्षकाने.

दुसरी परीक्षा शेवटच्या पाठाच्या दिवशी, तिसरी आठवड्याने, चौथी महिन्याने घ्यावी. ह्या तिन्ही वेळी आठ नव्या चित्रांत पाठातील आठ जुनी चित्रे मिसळावीत. मुलास एकेकटे बोलावून दोन प्रश्न विचारावेत: "ह्याचे नाव काय?" आणि "हा त्या चार विषारी सापांपैकी आहे की नाही?" उत्तर बरोबर की चूक, हे त्या वेळी सांगू नये, चौथ्या परीक्षेनंतर सर्व चित्रे काढून सर्वांस समजावून द्यावे.

आठवड्याची परीक्षा दिल्याने महिन्याची परीक्षा थोडी सोपी होणार, हे वर पाहिलेच आहे. केवळ काळाचा परिणाम मोजावयाचा असेल, तर मोठ्या वर्गाचे तीन गट करून प्रत्येक गटाची पाठानंतर एकदाच, निरनिराळ्या मुदतीने परीक्षा घ्यावी लागेल. परंतु मुलांस जात कायमची ओळखता यावी हाच हेतू असता, वारंवार विचारणे इष्टच आहे.

६. निकाल कसा वाचावा?

समजा, एका मुलाने जुन्या आठ चित्रांपैकी आठही ओळखली आणि नव्या आठांपैकी तीनच. त्याने चित्रे पाठ केली आहेत. जात त्याच्या हाती आलेली नाही. त्यास आणखी निरनिराळी चित्रे दाखविली पाहिजेत. दुसऱ्या मुलीने जुनी सहा व नवी सहा ओळखली. आठवणीत ती पहिल्याहून मागे दिसते, परंतु जात तिनेच शिकली. नेहमीच्या परीक्षेत पहिल्या मुलास शाबासकी आणि हिला दटावणी मिळाली असती! महिन्याने तिची जुनी चार व नवी सहा आली, तरी घाबरण्याचे कारण नाही. व्यक्ती विसरल्या, जात राहिली.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावीत. विषारी सापास 'नाही' म्हटले, तर ते 'हुकले'. बिनविषारी सापास 'आहे' म्हटले, तर तो 'खोटा इशारा'. पहिली चूक अव्याप्तीची, दुसरी अतिव्याप्तीची. दोहोंची किंमत सारखी नाही. खोट्या इशाऱ्याने फार तर खाचरातील उंदीर खाणारी एखादी धामण नाहक मारली जाईल. हुकल्यास मूल जाईल. म्हणून महिन्यानंतरच्या परीक्षेत 'हुकले' ह्या रकान्यात शून्य यावे, हे आपले ध्येय. मात्र प्रत्येक सापास 'विषारी' म्हणणाऱ्या मुलाचाही तो रकाना शून्यच राहील. यासाठी दोन्ही रकाने एकत्र वाचावेत. दोनच उत्तरे शक्य असता, आठांपैकी चार तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात, हेही विसरू नये.

७. एक आवश्यक इशारा

हा पाठ सापाजवळ जाण्यासाठी नाही. आठही जाती बिनचूक ओळखणाऱ्या मुलानेही प्रत्येक सापापासून दूरच राहावे आणि मोठ्या माणसास हाक मारावी. चारांपैकी नाही म्हणजे निर्धोक, असेही नव्हे. कोकणात चापडा, समुद्रसर्प असे आणखीही विषारी साप आहेत. दंश झाल्यास जातीची चर्चा करीत बसू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव न हलविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि रुग्णास सरकारी आरोग्य केंद्रात अथवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. तेथे मिळणारी प्रतिविषाची लस वरील चारही जातींच्या विषावर चालते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास होतो. तो फारसा दुखत नाही आणि खूणही क्वचित दिसते. पहाटे मूल पोट दुखते म्हणाले व त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारीची शंका घ्यावी. खाटेवर व मच्छरदाणीत निजण्याची सवय हा ह्या पाठाचाच भाग आहे.

समारोप

सापांच्या ठिकाणी पाने, पक्षी, पिकांवरील किडी, भूमितीच्या आकृती किंवा व्याकरणातील शब्दांच्या जाती घातल्या तरी रीत हीच राहील. पुष्कळ उदाहरणे दाखवावीत, साम्य असलेली शेजारी ठेवावीत, मिसळून व अंतराने शिकवावे, आणि न पाहिलेल्या उदाहरणावर, काही काळ लोटल्यावर विचारावे. ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाने कालच ऐकले, तो प्रश्न त्याच्या कानाची परीक्षा घेतो. पाकिटात जपून ठेवलेले चित्र त्याच्या जाणतेपणाची परीक्षा घेते. पावसाळ्याच्या आरंभी असे एक पाकीट प्रत्येक शिक्षकाने तयार करावे आणि महिन्याने ते उघडण्यास विसरू नये.